देव आहे, तर मग हे का?

रावेर-यावलच्या पट्ट्यात कापणीला आलेली केळी वादळात एका दुपारी आडवी होते. बांधावर उभा शेतकरी आभाळाकडे बघून विचारतो, ‘देवा, आम्ही काय वाईट केलं होतं?’ हा माणूस नास्तिक नसतो. देव आहे असं मनापासून मानणाऱ्यालाच हा प्रश्न एवढा झोंबतो. मध्ययुगातले ख्रिस्ती साधू हाच प्रश्न घेऊन आयुष्यभर बसले होते. त्याच शतकांत तापी-गिरणेच्या खोऱ्यातही तो गाजत होता आणि अगदी परवापरवापर्यंत अमळनेरात त्यावर पुस्तकं लिहिली जात होती. गंमत अशी की देवाविरुद्धचा सगळ्यात धारदार मुद्दा नास्तिकांच्या आधी श्रद्धावंतांनीच मांडून ठेवला आहे. त्याचे हे काही किस्से, थोडे तिकडचे आणि बरेचसे आपल्या खान्देशातले.

राजाच्या पंगतीत आपटलेली मूठ

फ्रान्सचा राजा नववा लुई याच्याकडे मेजवानी होती. पाहुण्यांत थॉमस अक्वायनस नावाचा एक धिप्पाड, अबोल साधू होता. विद्यार्थी असताना सोबती त्याला ‘मुका बैल’ म्हणत. पंगत रंगली होती आणि हा आपल्याच तंद्रीत. अचानक त्याने टेबलावर मूठ आपटली आणि मॅनिकी पंथाचा मुद्दा आता कायमचा निकालात निघाला, अशा अर्थाचं काहीतरी मोठ्याने बोलला. शेजारी हादरले. समोर राजा बसलाय, अशी आठवण त्यांनी त्याला करून दिली. राजाने मात्र लेखनिकाला बोलावलं आणि विचार विरून जायच्या आत उतरवून घ्यायला लावला. थॉमसच्या जुन्या चरित्रांत हा प्रसंग आहे.

ज्याच्यासाठी मूठ आपटली तो मुद्दा दुष्टतेचाच होता. या मॅनिकी पंथाचा संस्थापक मानी तिसऱ्या शतकात इराणच्या साम्राज्यात होऊन गेला. जगाच्या मुळाशी दोन शक्ती आहेत, एक प्रकाशाची आणि एक अंधाराची, असं तो सांगे. चांगलं सगळं पहिलीचं आणि वाईट सगळं दुसरीचं. हिशेब सोपा, देवावर ठपका नाही. पण मग देव सर्वशक्तिमान राहत नाही, कारण अंधार त्याला पुरून उरतो.

या सोप्या हिशेबाच्या मोहात एक फार मोठा माणूस सुमारे नऊ वर्षं अडकला होता. तो म्हणजे ऑगस्टीन (३५४–४३०). पुढे बिशप झाल्यावर त्याने आत्मचरित्र लिहिलं. त्यात सोळाव्या वर्षी मित्रांसोबत केलेल्या नासपतीच्या चोरीवर पानंच्या पानं आहेत. शेजारच्या मळ्यातले पेरू पोरांनी रात्री तोडावेत, तसाच प्रकार. फरक इतकाच की ऑगस्टीनला भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती आणि चोरलेली बरीचशी डुकरांपुढे टाकली गेली. मग चोरी केली कशासाठी? काहीही मिळणार नसताना माणूस वाईट का वागतो, हे त्याला छळत राहिलं. अख्खं रोमन साम्राज्य ढासळताना पाहिलेला हा विचारवंत दुष्टतेचं मूळ शोधायला एका पोरकट चोरीपाशी जाऊन थांबतो, हे मला फार प्रामाणिक वाटतं.

पहिली पाळी विरोधकाची

थॉमसचा ‘सुम्मा थिओलॉजिए’ हा ग्रंथ प्रचंड आहे. त्यात पाचशेच्या वर प्रश्न घेतलेत. देवाच्या अस्तित्वाचे त्याचे प्रसिद्ध पाच पुरावे मात्र त्यातल्या एकाच छोट्या प्रकरणात, दोनेक पानांत उरकतात. त्या प्रकरणाची सुरुवातच देव नाही, या बाजूने होते. दोन आक्षेप येतात. एक असा: देव अनंत चांगला असेल तर वाईटाला जागाच उरायला नको, आणि वाईट तर जगात दिसतंच आहे. दुसरा असा: जगात जे घडतं त्याचा उलगडा निसर्गाने आणि माणसाच्या इच्छेने होत असेल, तर देव हवाच कशाला? आजही देव नाकारणारे बहुतेक जण हेच दोन मुद्दे मांडतात. ते तेराव्या शतकात, एका संताने, स्वतःच्या पुराव्यांच्या आधी लिहून ठेवले आहेत.

कीर्तनाला किंवा प्रवचनाला बसलेल्या कुणालाही ही रीत ओळखीची वाटेल. आधी पूर्वपक्ष, मग सिद्धान्त. बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातलं चौतिसावं सूत्र बघा. ईश्वरावर दोन आरोप ठेवलेत, वैषम्य आणि नैर्घृण्य. एकाला सुखात आणि दुसऱ्याला दुःखात जन्माला घालतो म्हणून पक्षपाती, आणि प्राण्यांना यातना देऊन शेवटी सगळ्यांचा संहार करतो म्हणून निर्दय. शंकराचार्य उत्तर देताना पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, पीक वेगवेगळं येतं ते बियाण्याच्या गुणाने. तसा ईश्वर, आणि बियाणं म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. विरोधक गप्प बसत नाही. पहिल्याच सृष्टीच्या वेळी कर्म कुठून आलं, असं तो विचारतो. पुढचं सूत्र सांगतं की पहिली अशी सृष्टीच नाही, संसार अनादी आहे.

आणि या सगळ्यांहून धीट कुमारिल भट्ट. सातव्या शतकातला हा मीमांसक वेदांचा कट्टर कैवारी होता, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्याने साफ नाकारला. करुणेपोटी जग घडवलं म्हणावं, तर घडवण्याआधी करुणा करायला होतंच कोण? आणि करुणाच होती तर सगळं सुखाचंच का नाही घडवलं? वेदांवर अढळ श्रद्धा असलेला माणूस हे विचारतो, आणि पुढच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याला आचार्य म्हणून मान देतात. वैदिक परंपरेच्या आतच एवढी मोकळीक होती, हे शाळा-कॉलेजांतून ठासून शिकवायला हवं असं मला वाटतं.

हरवलेल्या मेणाच्या पाट्या

देवाच्या अस्तित्वाचा सगळ्यात चर्चेत राहिलेला पुरावा नॉर्मंडीतल्या बेक इथल्या मठात १०७७-७८च्या सुमारास लिहिला गेला. लिहिणारा अ‍ॅन्सेल्म, पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेला. एकाच युक्तिवादात सगळं बसवायचं, या ध्यासाने त्याची भूक, झोप आणि प्रार्थनेतलं लक्ष सगळं उडालं. हा सैतानाचा खेळ तर नाही ना, अशीही शंका त्याला आली. मग एका रात्री प्रार्थना चालू असतानाच उलगडा झाला. त्याने तो मेणाच्या पाट्यांवर उतरवला आणि एका सोबत्याकडे ठेवायला दिला. पाट्या हरवल्या. पुन्हा लिहिल्या, तर दुसऱ्या दिवशी त्या जमिनीवर तुकडे होऊन पडलेल्या. तुकडे जुळवून मजकूर कसाबसा वाचवला आणि तो चामड्यावर लिहून घेतला, असं त्याचा शिष्य ईडमर सांगतो.

युक्तिवाद थोडक्यात असा. ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही, तो देव. आता असा देव फक्त मनातच असेल, तर मनात आणि प्रत्यक्षात अशा दोन्हीकडे असणारा देव त्याहून मोठा ठरेल. म्हणजे पहिला ‘ज्याहून मोठं नाही’ असा उरलाच नाही. म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे.

काहीतरी हातचलाखी झाल्यासारखी वाटते ना? गोनिलो नावाच्या दुसऱ्या साधूलाही तसंच वाटलं. त्याने लिहिलं: मग मी ज्याहून सुंदर काही नाही अशा बेटाची कल्पना करतो, म्हणजे तेही कुठेतरी असलंच पाहिजे का? टीका करणाराही देवाचाच माणूस, आणि त्याने बाजू मात्र नास्तिकाची घेतली. यावर अ‍ॅन्सेल्मने जे केलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वाटतं. त्याने गोनिलोला उत्तर लिहिलं आणि सांगून ठेवलं की यापुढे माझ्या ग्रंथाच्या प्रतींना ही टीका आणि माझं उत्तर, दोन्ही जोडावं. आपल्याविरुद्धचा मुद्दा आपल्याच पुस्तकात, आपल्याच इच्छेने. कुर्ट गोडेल या विसाव्या शतकातल्या थोर तर्कशास्त्रज्ञाच्या कागदपत्रांत याच पुराव्याची गणिती चिन्हांत मांडलेली आवृत्ती सापडली. म्हणजे नऊशे वर्षं झाली तरी भांडण संपलेलं नाही.

पाटणला कोरलेलं नाव

अ‍ॅन्सेल्म ११०९ साली वारला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १११४ साली, भास्कराचार्यांचा जन्म झाला. चाळीसगावजवळ सातमाळ्याच्या कुशीत पाटणादेवीला गेलात तर हेमाडपंती मंदिर सगळे बघतात, शिलालेखाची आठवण मात्र मोजक्यांना असते. १२०७ सालच्या या लेखात भास्कराचार्यांचा नातू चंगदेव आपल्या घराण्याची विद्वत्ता सांगतो आणि आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ स्थापल्याची नोंद करतो. मठाला दान देणारे निकुंभ घराण्याचे राजे, यादवांचे मांडलिक. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

याचा देवाशी संबंध काय? भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी पुरा केला. त्यांच्या बीजगणितात शून्याने भागल्यावर येणाऱ्या राशीचा विचार आहे. तिला ते खहर म्हणतात. या राशीत काही मिळवा, काही वजा करा, ती जशीच्या तशी राहते. इथे भास्कराचार्य एकदम देवाचा दाखला देतात: प्रलयात असंख्य जीव विष्णूत विलीन होतात, सृष्टीच्या वेळी पुन्हा बाहेर पडतात, पण त्या अनंत अच्युतात काही भर पडत नाही की घट होत नाही. ज्यात आणखी काही मिळवताच येत नाही असं काहीतरी, हाच अ‍ॅन्सेल्मचाही विषय होता. एकाने तो प्रार्थनेत गाठला, दुसऱ्याने भागाकारात. एकाला दुसऱ्याचं नावही ठाऊक नव्हतं. पाटणच्या त्या मठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी खहराची गणितं केली असतील, आणि ती करताना विष्णूही वाटेत भेटला असेल.

जगन्नाथाच्या बंद दारात

मिथिलेच्या उदयनाचार्यांची आख्यायिका नैयायिकांत, म्हणजे तर्काच्या पंडितांत, फार आवडीने सांगतात. दहाव्या-अकराव्या शतकातल्या या पंडिताने ईश्वर सिद्ध करायला ‘न्यायकुसुमांजली’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बौद्ध तार्किकांशी वाद घालण्यात आयुष्य गेलं. मग ते पुरीला गेले, तर जगन्नाथाचं दार बंद! पंडित चिडले आणि देवालाच सुनावलं: आज ऐश्वर्याच्या तोऱ्यात मला विचारत नाहीस, पण बौद्ध चालून आले तेव्हा तुझं अस्तित्व माझ्याच हातात होतं.

याच्या अगदी उलट रामानुजाचार्य. विष्णूचे परमभक्त, पण नुसत्या तर्काने ईश्वर सिद्ध होतो हे त्यांना मान्य नव्हतं. घडा बघून कुंभार मानावा, तसं जग बघून कर्ता मानला, तर तो एकच कशावरून, अनेक का नसतील, असे आडवे प्रश्न त्यांनी श्रीभाष्यात विचारले. ईश्वर श्रुतीवरूनच कळतो, हे त्यांचं म्हणणं. चौदाव्या शतकात इंग्लंडच्या विल्यम ऑफ ऑकमने साधारण हाच सूर लावला: देव एकच आहे हे तर्काने पक्कं सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने धरायचं.

भराभर काही

सुईच्या टोकावर किती देवदूत नाचू शकतात, यावर मध्ययुगातले पंडित भांडत असत, असं सर्रास सांगितलं जातं. असा वाद मध्ययुगातल्या एकाही ग्रंथात सापडलेला नाही. ही थट्टा सतराव्या शतकातल्या टीकाकारांची.

थॉमस ७ मार्च १२७४ रोजी वारला. बरोबर तीन वर्षांनी, ७ मार्च १२७७ला, पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली. त्यातली काही थॉमसच्या मतांच्या अगदी जवळची होती. १३२३ साली त्याच थॉमसला चर्चने संतपद दिलं आणि दोन वर्षांनी पॅरिसला ती बंदी त्याच्यापुरती मागे घ्यावी लागली. त्या बंदीत एक गमतीचं कलम होतं: देव एकाहून जास्त जगं निर्माण करू शकत नाही, असं म्हणायचं नाही. झालं, एकाहून जास्त जगांचा विचार करायला पंडितांना मोकळं रान मिळालं.

मरणाच्या तीन महिने आधी, ६ डिसेंबर १२७३ला, थॉमसने लेखणी खाली ठेवली. त्या सकाळच्या प्रार्थनेत त्याला काहीतरी अनुभव आला आणि त्यापुढे आपलं सगळं लिखाण त्याला गवताच्या काड्यांसारखं वाटू लागलं. ‘सुम्मा’ अपुराच राहिला. त्याच काळात आपल्याकडे महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी होते. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांचा अनुयायी म्हाइंभट याने माणसामाणसाला गाठून आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. खान्देशात आजही मोठ्या संख्येने असलेले महानुभाव जी शिकवण मानतात तिच्यात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ नित्य आणि वेगवेगळे आहेत. देवता कर्माची फळं देतात, पण मोक्ष देणं त्यांच्या हाती नाही, तो एकट्या परमेश्वराचा अधिकार. दुःखाचा हिशेब एका खात्यावर आणि सुटका दुसऱ्या खात्यावर, अशी ही स्वच्छ मांडणी आहे.

दोन तुरुंग

इसवी सन ५२४च्या सुमारास इटलीत बोएथियस नावाचा मोठा दरबारी अधिकारी राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत होता. मृत्यूची शिक्षा ठरलेली. तिथे त्याने एक संवाद लिहिला. त्यात तत्त्वज्ञान एका स्त्रीच्या रूपात कोठडीत येतं आणि तो तिला विचारतो की देव आहे तर वाईट येतं कुठून. मध्ययुगात हे पुस्तक खूप वाचलं गेलं. पुढे इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीने स्वतः त्याचा अनुवाद केला.

दुसरा तुरुंग धुळ्याचा. २१ फेब्रुवारी १९३२, रविवार. सत्याग्रहात पकडलेल्या कैद्यांपुढे विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय. १९ जूनला अठरावा पुरा झाला. श्रोत्यांत जमनालाल बजाज होते आणि एका बाजूला साने गुरुजी भराभरा लिहून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आलं ते गुरुजींच्या त्या लेखणीमुळे. गीतेची सुरुवातही दुष्टतेच्या प्रश्नानेच होते: समोर आपलीच माणसं, आणि आपल्याच हातून त्यांचा घात व्हायचा. बोएथियसला आपल्यावर अन्याय का झाला हे विचारायचं होतं. धुळ्याच्या तुरुंगातल्या लोकांनी कैद आपणहून पत्करली होती, म्हणून त्यांचा प्रश्न वेगळा होता: अन्यायाशी लढताना आपण स्वतः कसं राहायचं. मला तरी हा दुसरा प्रश्न अधिक अवघड वाटतो.

धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव फिरून जमवलेली रामदासी हस्तलिखितं तिथे आहेत. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थ दुःखाची चक्क वर्गवारी करतात. एक समास देहातल्या रोगांचा, एक बाहेरून येणाऱ्या तापांचा, काटा मोडण्यापासून विंचू-साप आणि चोरांपर्यंत, आणि एक मेल्यानंतरच्या यातनांचा. याद्या इतक्या लांब आणि नेमक्या आहेत की लिहिणारा बोरू घेऊन रुग्णाच्या उशाशी बसला होता असं वाटावं. दुःखावर बोलायचं तर आधी ते नीट बघायचं, ही समर्थांची शिस्त.

तिघीजणी

मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद. त्याच तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं पुरातन मंदिर आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडलं आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पुढे त्याच चांगदेवांनी वयाने पोर असलेल्या मुक्ताबाईला गुरू केलं. त्या मुक्ताबाईचं ‘ताटीचे अभंग’ हे दुष्टतेवरचं मराठीतलं पहिलं मोठं काव्य आहे असं माझं ठाम मत आहे. लोकांच्या छळाने वैतागून ज्ञानेश्वरांनी झोपडीचं दार लावून घेतलं आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून समजूत घालू लागली. जगात वाईट का आहे, हे ती विचारत बसत नाही. जग वाईट वागलं तर संताने काय करायचं, एवढंच धरून बसते. १२९७ साली तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशी झाली, असं परंपरा सांगते. आषाढीला तिची पालखी इथून पंढरीची लांबची वाट चालते.

इंग्लंडच्या नॉरिच गावात ज्युलियन नावाने ओळखली जाणारी एक बाई चर्चला लागून असलेल्या खोलीत राहत होती. तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही, ज्युलियन हे त्या चर्चचं नाव. ती लहान असताना प्लेगच्या मोठ्या साथीने गावात हाहाकार माजवला होता. १३७३च्या मे महिन्यात, तिशीत, ती मरणाच्या दारात असताना तिला सोळा दृष्टान्त झाले. पाप सुरू होतानाच का नाही थांबवलंस, हे तिने देवाला सरळ विचारलं. शेवटी सगळं नीट होईल, असं उत्तर आलं. पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. इतकं नुकसान झाल्यावर ते नीट होणार कसं, असं तिने पुन्हा विचारलं. त्या दृष्टान्तांवर ती पुढे वीसेक वर्षं विचार करत राहिली. तिचं पुस्तक म्हणजे इंग्रजीत स्त्रीने लिहिलेलं, आज उपलब्ध असलेलं पहिलं पुस्तक.

आणि तिसरी आपली बहिणाबाई. जन्म १८८०, जळगावजवळचं आसोदं. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिशीच्या आसपास वैधव्य आलं. प्लेग तिनेही पाहिला आणि त्यावर गाणं रचलं. वैधव्यावरच्या तिच्या गाण्यात ती ज्योतिषाला दारात येऊ नको म्हणते. तिचं दैव काय ते तिला कळतं, दुसऱ्याने हात बघून सांगायची गरज नाही. दुःखाला स्वस्तातलं उत्तर नको, हे एवढं ठामपणे सांगायला पंडितांना पोथ्या लागल्या. १९५१ साली ती गेली. तिचा मुलगा सोपानदेव यांनी जपलेली गाणी पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे.

ओवीतला सैतान

थॉमसची शिकवण मराठीत आली ती एका इंग्रजामुळे. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला. त्याने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. १६१६ साली ते छापलं गेलं, पण देवनागरी खिळे नसल्यामुळे रोमन लिपीत. पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचं पतन आणि आदम-इव्हेचं पाप आहे. म्हणजे जगात वाईट आलं कसं, याची अख्खी कथा मराठी पुराणाच्या घाटात. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि त्यांची एकही प्रत आज शिल्लक नाही. जी देवनागरी हस्तलिखित प्रत उजेडात आली, ती सापडली लंडनच्या ग्रंथालयात.

अमळनेर

आता खान्देशातली सगळ्यात नवलाची गोष्ट. कापडगिरणीचे मालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देवळं, धर्मशाळा आणि शाळांना देणग्या देणारे शेठ पुष्कळ झाले. नुसता विचार करण्यासाठी पंडितांना राहायला जागा, ग्रंथालय आणि मानधन देणारा शेठ विरळाच. तरुण पांडुरंग सदाशिव साने इथे तत्त्वज्ञान शिकायला आले, मग गावातल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि महाराष्ट्राचे साने गुरुजी बनले.

या मंदिराचा संसार सिंधमधून आलेल्या घनश्यामदास रतनमल मलकानी यांनी सांभाळला. इथून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक निघे आणि देशोदेशीचे तत्त्वज्ञ त्यात लिहीत. पुढे त्याचा वारसा पुण्याच्या विद्यापीठातून निघणाऱ्या नियतकालिकाने चालवला. विसाव्या शतकातले भारताचे कदाचित सगळ्यात खोल तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३३ ते १९३५ इथे संचालक होते. बौद्ध माध्यमिक दर्शनावरच्या ग्रंथाने जगभर नाव झालेले टी. आर. व्ही. मूर्ती तरुणपणी इथेच अभ्यास करत होते.

१९३३ साली मलकानी, रासबिहारी दास आणि मूर्ती या तिघांचं एक पुस्तक लंडनच्या ल्यूझॅक प्रकाशनाने काढलं. नाव ‘अज्ञान’. आणि इथे ऑगस्टीन, थॉमस आणि अमळनेर एका टेबलाशी येऊन बसतात.

ऑगस्टीनने मॅनिकी पंथ सोडला तो एका कल्पनेच्या जोरावर: वाईट ही वस्तूच नाही, ती चांगल्याची उणीव आहे. थॉमसने ते अजून घासून स्वच्छ केलं. दगडाला दिसत नाही यात वाईट काही नाही, डोळ्याला दिसत नसेल तर ते वाईट, कारण दिसणं हा डोळ्याचा हक्क आहे. मग देवाने वाईट घडवलं, हा आरोप उभाच राहत नाही, कारण जे नाहीच ते कोण घडवणार? शंकराचार्यांच्या परंपरेतले अद्वैती नेमकं उलट म्हणतात. जगाच्या साऱ्या दुःखाच्या मुळाशी अज्ञान आहे, आणि अज्ञान म्हणजे ज्ञानाचा नुसता अभाव नव्हे, ते भावरूप आहे. अभाव कशाला झाकू शकत नाही. हे तर ब्रह्माला झाकतं आणि वर दोरीच्या जागी साप उभा करतं. आपल्याकडे हा झगडा अंधारावरूनही रंगला होता: नैयायिक म्हणत अंधार म्हणजे प्रकाश नसणं, कुमारिलाच्या परंपरेतले मीमांसक म्हणत अंधार हे वेगळं द्रव्य आहे.

अभाव म्हणाल तर केळीचं आडवं पडलेलं खोड समोर दिसतं, ते ‘नाही’ कसं म्हणायचं, हा पेच ऑगस्टीनच्या गळ्यात. भावरूप म्हणाल तर पेच अद्वैत्यांच्या गळ्यात: एक ब्रह्मच सत्य असेल तर हे अज्ञान राहतं कोणाच्या आश्रयाने? भामतीकार वाचस्पती मिश्र सांगतात, जीवाच्या. पण जीव तर अज्ञानातूनच झाला. विवरणकार प्रकाशात्मा सांगतात, ब्रह्माच्याच आश्रयाने. पण ज्ञानस्वरूपात अज्ञान मावेल कसं? नवव्या-दहाव्या शतकापासून हा वाद काशीत, कांचीत, मिथिलेत चालला. १९३३ साली तो बोरी नदीच्या काठी, गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या गावात, तीन माणसांनी पुन्हा पहिल्यापासून उघडला.